पुरणयंत्राचा दांडा आणि साळूगड

अहो, बोलले नाही म्हणजे नाही बोलले! होळीपासून आखाडापर्यंत एक अक्षर बोलले नाही मी त्या बाईशी, आणि बोलणारही नव्हते, आमच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या झाडून सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं मी, की शालनशी मी आधी बोलले तर नावाची छबू नाही... आणि तुम्ही मला विचारताय, गडावर काय काय बघितलं? काय बघायचं असतं पावसाळ्यात गडावर? चिखल होता, धुकं होतं, पाऊस होता आणि शालन होती. चारही एकाच जातीचे. अंगाला चिकटतात, सोडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, शालन कोण? शालन म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन त्या आळीत आलो. तिच्या पोरीच्या वेळी दवाखान्यात तिचा हात मी धरला होता, अजून या बोटावर तिच्या नखाचा वण आहे, हा बघा. आणि आमचे मालक गेले तेव्हा माझ्या घरात चूल पेटायच्या आत तिच्याकडून चहा यायचा, रोज, न सांगता. अशी ती. चांगली आहे हो, मी कुठं नाही म्हणते? पण होळीला आली माझ्याकडे. "छबू, पुरणयंत्र दे गं, तासाभरात आणून देते."

तुम्हाला सांगते, माझं पुरणयंत्र म्हणजे बाजारातलं हलकंफुलकं नव्हे. पितळी! माझ्या आईनं लग्नात दिलेलं. त्यात शिजलेली डाळ घालून दांडा फिरवला की कसली डाळ आणि कसलं काय, पुरण असं खाली पडतं, लोण्यासारखं. दिलं मी. संध्याकाळी परत आलं. फडक्यात गुंडाळून. फडकं सोडते तर यंत्र एकीकडे आणि दांडा एकीकडे! मी म्हटलं, "शालन, हे काय?" तर ही हाताची घडी घालून काय म्हणते, "आधीपासून मोडकाच होता की."

मोडका! होता! आधीपासून!

त्या दिवसापासून मी बोलले नाही. म्हणजे त्या दिवशी बोलले. खालच्या आळीपर्यंत ऐकू गेलं इतकं बोलले. त्यानंतर मात्र बोलले नाही.

अबोला धरणं सोपं वाटतं का तुम्हाला? भिंतीला भिंत असताना? त्यांच्या पन्हाळीचं पाणी माझ्या अंगणात पडतंय, सांगायचं कसं? मग मधे बेबी. बेबी आमची दोघींची मैत्रीण, अंगणवाडीत मदतनीस. दिवसभर तिथं पोरांना खिचडी भरवायची, त्यांची भांडणं सोडवायची, आणि संध्याकाळी येऊन आमची. मी म्हणायचं, "बेबी, शालनबाईंना सांग, पन्हाळ जरा वळवा." शालन तिथंच झाडू घेऊन उभी! ती म्हणायची, "बेबी, त्यांना सांग, पाऊस आम्ही पाडत नाही." बेबी बिचारी एकदा इकडे बघायची, एकदा तिकडे, आणि दोन्हीकडे मान हलवायची.

आणि ह्याच बेबीनं काढलं गडाचं. आली मोबाइल नाचवत. "छबूताई, हे बघ, साठीच्या बायका गड चढतायत! आपल्या साळूगडावर देवीची ओटी भरायची किती वर्षं राहिलीय. आखाड आहे, रविवार आहे, मला सुट्टी आहे, चल." मी म्हटलं, शालन आहे का? "छे! ती कुठली येतेय?" म्हणून मी निघाले. कापण्या तळल्या, आखाड तळायचा असतो ना आपल्यात, ओटीचं सामान घेतलं, सकाळी स्टँडवर गेले... आणि वडापच्या जीपमधे खिडकीशी कोण बसलंय?

तिलाही बेबीनं हेच सांगितलेलं. "छबूताई? छे, ती कुठली येतेय?"

मला उतरून जाता आलं असतं. पण का? मी का उतरू? दांडा तिनं मोडलेला, उतरायचं तर तिनं उतरावं. ती पण उतरली नाही. तिचंही तेच चाललं असणार मनात. बेबी मधे बसली, आम्ही दोघी दोन खिडक्यांतून दोन बाजूंचा पाऊस बघत गेलो. मी बोलले नाही.

पायथ्याला उतरलो तर ही गर्दी! पुण्याची पोरं, पोरी, रंगीबेरंगी रेनकोट, कुणाच्या पाठीवर गाणी वाजतायत, कुणी कणीस खातंय, कुणी भिजायचं नाही म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत पाय घातलेत. एक पोरगी मला म्हणते, "काकू, तुम्ही साडीत चढणार? वॉव! एक फोटो काढू?" मी म्हटलं, "बाळा, मग काय साडी सोडून चढू?" तिनं फोटो काढला तरी. मला मेलीला कळत नाही, साडी नेसलेली बाई बघायला ह्यांना गड चढावा लागतो का?

तिथंच चहाच्या टपरीजवळ एक कुत्रं आमच्या मागं लागलं. तांबडं, एक कान फाटलेला. मागं कसलं, पुढंच चालायला लागलं. वाट दाखवत. थोडं चालायचं, थांबायचं, मागं न बघता उभं राहायचं, आम्ही पोचलो की परत पुढं. बेबी म्हणाली, "अगं, हे अगदी आमच्या धाकट्या भावजींसारखं आहे. पुढं चालतात, मागं बघत नाहीत, आणि जेवायच्या वेळेला बरोबर हजर." झालं. कुत्र्याचं नाव पडलं भावजी.

मग चढण. तुम्हाला सांगते, चढणीला माझी ना नाही, मी पोती उचललेली बाई आहे, पण ती वाट आहे का ओढा आहे? वरून पाणी वाहतंय, आम्ही त्यातूनच वर चढतोय, म्हणजे गडाचं पाणी खाली चाललंय आणि आम्ही वर, रस्ता दोघांचा एकच. पायाखाली खेकडे. ढग इतके खाली आलेले की बेबीची पाठ दिसायची, डोकं दिसायचं नाही. ती पोरं मधेच ओरडायची, "वॉव, काय व्ह्यू आहे!" कुठला व्ह्यू? सगळं पांढरंफटक! आमच्या गिरणीत दळण चालू असताना दार बंद केलं की असंच दिसतं, तिथं कुणी वॉव म्हणत नाही.

मधे माचीवर एका कातळाच्या आडोशाला बसलो खायला. मी कापण्यांचा डबा उघडला. शालननं तिचा उघडला. आणि तुम्हाला सांगते, मुद्दाम! मुद्दाम बाईनं काय आणावं? पुरणपोळ्या! गड चढायला कुणी पुरणपोळी आणतं का? पण मला दाखवायचं होतं ना, तुझ्या यंत्रावाचून आमचं अडत नाही म्हणून. मी तिरक्या नजरेनं बघितलं. चाळणीवर घासलेलं पुरण. डाळीचे दाणे दाणे दिसत होते पोळीतून. मी म्हटलं, "बेबी, विचार त्यांना, पोळी आहे का हरभऱ्याचं शेत?" ती म्हणाली, "बेबी, सांग, ज्यांच्याकडं धड यंत्र नसतं त्यांनी दाणे मोजू नयेत." बेबी कापणी चघळत राहिली. शालननं एक पोळी कापडावर काढून माझ्याकडे सरकवली, न बघता. मी एक कापणी तिच्याकडे सरकवली, न बघता. भावजींनी दोन्ही खाल्ल्या.

तिथून वर पायऱ्या. कातळात कोरलेल्या, शेवाळ धरलेल्या, पायरी कुठली आणि पाणी कुठलं कळत नाही. कसेबसे दरवाजात पोचलो. दरवाजाच्या आत पूर्वीच्या पहारेकऱ्यांची देवडी आहे, कोरडी, बसायला चांगली. तिथं बेबी मटकन बसली. "अगं आई गं! माझा पाय! तुम्ही दोघी जा, ओटी भरून या, मी इथंच बसते."

कुठला पाय म्हणून विचारलं तर आधी डावा धरला, मग उजवा. मला कळलं. शालनलाही कळलं. पण ओटी घेऊन वर आलेलो, देवीच्या दारातून माघारी जायचं? निघालो. पुढं भावजी, मधे मी, मागं शालन, आणि भोवती पांढरं. बेबी नाही. आता बोलायचं कसं?

थोडं चाललो असू. मागून आवाज आला, "भावजी, पुढं कातळ निसरडा आहे म्हणावं. काही जणींना दुसऱ्याचं ऐकायची सवय नसते, तरी म्हणावं."

कुत्र्यानं कान हलवला.

मी म्हटलं, "भावजी, त्यांना सांगा, आम्ही रोज सांडलेल्या पिठावरून चालतो. आम्हाला निसरडं शिकवू नका." आणि पडले. अशी पडले की छत्री एकीकडे, मी एकीकडे आणि ओटीतला नारळ गडगडत शालनच्या पायाशी.

"भावजी, लागलं का विचारा."

"भावजी, अजिबात लागलेलं नाही, सांगा."

लागलं होतं. अजून बसताना कळ येते. पण मी बोलले नाही. तिनं नारळ उचलला, पदरानं पुसला, आणि कातळावर ठेवला. माझ्या हातात नाही दिला. कातळावर ठेवला. मी कातळावरून घेतला.

देऊळ कसलं, चार दगड आणि वर पत्रा. देवी मात्र साक्षात. ओटी भरली, हात जोडले. मी मोठ्यानं म्हटलं, "आई साळूबाई, ज्यांनी दुसऱ्याच्या माहेरची वस्तू मोडली त्यांना बुद्धी दे." शेजारून त्याहून मोठ्यानं, "आई साळूबाई, ज्यांना मोडकी वस्तू दिसत नाही त्यांना दृष्टी दे." देवीनं दोघींचं ऐकून घेतलं. तिला सवय असेल.

आणि इतक्यात काय झालं... ती पुण्याची पोरं कुठंतरी धुक्यात बसली होती, त्यांनी बिस्किटाचा पुडा फोडला. पुड्याचा कागद वाजला मात्र, भावजी गेले! मागं न बघता गेले! शेवटी काय, पुरुषमाणूस.

आता मधे कुणीच नाही. बेबी नाही, भावजी नाही. देवीला सोबत नेता येत नाही. मी देवळाच्या बाहेर आले, बघते तर पायवाट फुटलेली, एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही सारख्या पांढऱ्या. मी उजवीकडे वळले. मागं शालन खाकरली. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा खाकरली. मी म्हटलं, घसा धरला असेल, मला काय त्याचं. चालत राहिले. बांगड्या वाजत होत्या तिच्या मागून, किणकिण, किणकिण, म्हणजे येत होती. वाट बारीक होत चाललेली, एका बाजूला पडका तट, दुसऱ्या बाजूला पाण्याचं टाकं काळंभोर, काठ कुठला ते कळत नव्हतं. वारा असा की छत्री उलटी झाली, फेकून दिली. मागं किणकिण. किणकिण.

मग धप्प.

आणि मग काहीच नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, मुद्दाम करतेय. मला बोलायला लावायचं म्हणून करतेय, मी काय ओळखत नाही हिला? थांबले. वारा. पाणी. बांगड्या नाहीत. मी मागं वळले, दोन पावलं आले, पांढरंच पांढरं. टाक्यात तर नाही गेली? तटाच्या पलीकडं तर नाही? हिला पोहता येत नाही. मला ठाऊक आहे ना, येत नाही! माझ्या तोंडाला कोरड पडली. भर पावसात कोरड पडली हो! आणि मग तुम्हाला सांगते, मी गिरणीत बोलते त्या आवाजात बोलले. पट्टा चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जावं लागतं, तो आवाज. सगळ्या गडानं ऐकलं असेल.

"शाऽऽलन! अगं भवाने, कुठं मेलीस!"

मग उजव्या बाजूनं, खालून, अगदी शांत आवाज आला.

"भावजी, आधी कोण बोललं हो?"

तुम्हीच सांगा, अशा बाईचं काय करायचं?

आवाजाच्या रोखानं गेले. पडक्या तटाचे दगड ढासळलेले, त्यात बसलेली. एक पाय गुडघ्यापर्यंत दोन दगडांच्या फटीत गेलेला. वर आकाश पांढरं, खाली काय ते दिसत नव्हतं, तेही पांढरं. मी बसले, हात पुढं केला. म्हटलं, "धर."

तिनं हात धरला. ओढणार, इतक्यात म्हणते, "दांडा?"

मी म्हटलं, "काय दांडा?"

"आधीपासून मोडका होता की नाही?"

"नव्हता."

तिनं हात सोडला! फटीत पाय, डोक्यावर आभाळ फाटलेलं, आणि बाईनं हात सोडला! "मग राहू दे," म्हणते, "बसते मी. हवा चांगली आहे."

"शालन, वेडेपणा करू नकोस."

"मी कुठं काय करतेय? तू जा. बेबीला म्हणावं, शालन गडावर राहिली."

"मी कुणाला काही म्हणणार नाही! हात दे!"

"दांडा?"

आईनं दिलेलं यंत्र हो! आई गेल्यावर माझ्याकडे तिची दुसरी काय वस्तू आहे? दांड्याला हात लावला की तिचा हात आठवायचा, त्या दांड्याला मी मोडका म्हणू? खोटं? देवळाच्या एवढं जवळ? मी हात तसाच पुढं धरून बसले. आणि तिच्या मांडीशेजारचा एक दगड, चांगला पाटाएवढा, हलला. हलला, आणि सरकला, आणि गेला. खाली.

पडल्याचा आवाज आला नाही.

शालननं माझ्याकडे बघितलं. होळीपासून पहिल्यांदा सरळ बघितलं. तोंड पांढरं पडलेलं तिचं. आता दांडा पण म्हणाली नाही.

मी म्हटलं, "होता. मोडकाच होता. आधीपासून होता. आईच्या वेळेपासून मोडका होता! दे हात!"

दोन्ही हातांनी धरलं. मी टाच रोवली आणि पोतं ओढतात तशी ओढली. चप्पल फटीत राहिली, शालन बाहेर आली, माझ्या अंगावर. दोघी चिखलात. मी तिला सोडलं नाही, सरकत सरकत तटापासून लांब आलो, झुडपाशी, आणि तिथं बसून राहिलो. ती थरथरत होती. मीही थरथरत होते, पण मी थंडीनं.

जरा वेळानं ती म्हणाली, "मला माहीत होतं, वाट डावीकडं आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा खाकरले की."

"खाकरून वाट कळते का, बये? तोंड नव्हतं तुला?"

"तू कुठं बोलत होतीस?"

"मग माझ्या मागं कशाला आलीस? आपली डावीकडं जायचंस."

तर नाक ओढून म्हणते, "तू एकटी गेली असतीस ना."

मी बोलले नाही. पदर पिळला आणि तिचं तोंड पुसलं. जोरात पुसलं, माझा राग गेला नव्हता.

मग उठलो. ती एका चपलेवर, मी तिला धरून. वाटेत हळूच म्हणते, "छबू... तसा मोडका नव्हता. जरा हलत होता, एवढंच."

"हलत नव्हता."

"थोडासा."

"शालन, तट अजून जवळ आहे."

गप्प बसली.

देवडीत येऊन बघतो तर बेबी त्या पोरांच्या घोळक्यात बसून नूडल्स खातेय, भावजी तिच्या मांडीवर डोकं टाकून झोपलेले. आमचे हात एकमेकींच्या कमरेला बघून बाईचा चेहरा असा फुलला! टुणकन उठून पळत आली. दोन्ही पायांवर. शालन म्हणाली, "पाय बरा झाला वाटतं?" मी म्हटलं, "देवीची कृपा." दोघींनी मिळून तिला जे काही सुनावलं, त्याचा त्या फोटोवाल्या पोरीनं व्हिडिओ काढला म्हणतात. असेल. मला काय त्याचं.

झालं, अबोला सुटला. पण सुटल्यावर काय? दुसऱ्या दिवशी सगळ्या आळीत! "छबूनं स्वतः कबूल केलं हो. देवीच्या डोंगरावर केलं." माझ्या गिरणीत येऊन बायका मलाच विचारतात, "छबूताई, दांडा म्हणे आधीच मोडका होता?" समोर जात्यात ज्वारी चाललेली, मी पट्ट्याकडे बघत राहते. तो दगड गेलेला दिसतो मला.

दांडा तांबटाकडून डाग देऊन जोडून आणला. पक्का. तांबट म्हणाला, आता तुमच्या नातीच्या लग्नापर्यंत हलणार नाही. पुसून, चिंचेनं घासून यंत्र फडताळात ठेवलं.

आणि श्रावणातला पहिला शुक्रवार आला. जिवतीचं पुरण. सकाळी सकाळी दारात उभी. एक चप्पल नवी, एक जुनी, कारण जोडीतली उरलेली टाकवत नाही बाईला. "छबू, पुरणयंत्र दे गं. तासाभरात आणून देते."

दिलं. काय करू? दिलं.

संध्याकाळी आली. फडक्यात गुंडाळलेलं. ओट्यावर ठेवलं, माझ्याकडे बघितलं नाही, तशीच आत गेली, चहाचं आधण ठेवलं. माझ्या घरात, माझ्या गॅसवर. मी फडक्याची गाठ सोडली.

यंत्र एकीकडे. दांडा एकीकडे.

आतून आवाज आला, "छबू, साखर कुठं ठेवलीस गं?"

मी फडकं पुन्हा बांधलं. म्हटलं, "वरच्या फळीवर, निळ्या डब्यात."

दुसरं काही बोलले नाही.